‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणणारी मुलं

मोशी, चिखली, तळवडे, कुरुळी, म्हाळुंगे, खराबवाडी. या गावांतल्या भाड्याच्या खोल्यांत एक वाक्य वरचेवर ऐकू येतं: ‘तुम्ही व्हा पुढे, मी बघतो.’ चहाला, मॅचला, गणपतीच्या मिरवणुकीला, कुणाच्या वाढदिवसाला निघालेल्या टोळक्याला ते सांगितलं जातं. टोळकं पुढे होतं आणि सांगणारा मागून येत नाही. एखाद्या वेळी आला नाही तर त्यात विशेष काही नसतं. अंग मोडून आलेलं असतं, खिसा रिकामा असतो, घरून नको तो फोन आलेला असतो. पण पूर्वी जो सगळ्यांना गोळा करायचा तोच महिना-दीड महिना प्रत्येक वेळी मागे राहू लागला, आणि त्याला न विचारताच बेत ठरू लागले, तर काहीतरी बिनसलं आहे असं धरून चालावं. या पुस्तकाचा विषय तो मुलगा आहे. तशीच ती मुलगीही, कारण मागे राहणाऱ्यांत मुली कमी नाहीत. फक्त त्यांचं मागे राहणं कुणाला खटकत नाही.

नैराश्य म्हटलं की आपल्याला रडणारं माणूस दिसतं. डॉक्टर निदान करताना मात्र दोन गोष्टींना सारखंच वजन देतात. एक, बहुतेक वेळ उदास वाटणं. दुसरी, ज्यात पूर्वी मन रमायचं त्यातला रसच जाणं. यांपैकी एक तरी गोष्ट निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागते. तिच्या जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार यांतलं काही असतं. म्हणजे डोळ्यांत एकदाही पाणी न आलेला, लाईनवर उभा राहून टार्गेट पुरं करणारा मुलगाही नैराश्यात असू शकतो. जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी काढून पाहा. तिच्यातला पहिला प्रश्न गोष्टींमधला रस आणि आनंद कमी झाला आहे का, असा आहे. उदास वाटतं का, हा प्रश्न त्याच्यानंतर येतो. किशोरवयीन मुलांत उदासीच्या जागी नुसती चिडचिडही असू शकते, हे निदानाच्या अमेरिकी नियमावलीतच नोंदवलेलं आहे. घरात मात्र त्या चिडचिडीला माज म्हणतात.

सगळ्यांत जास्त गैरसमज आनंदाबद्दलच आहेत, म्हणून तिथे थोडं थांबतो. नैराश्यातल्या माणसाला कशातच आनंद होत नाही, असं आपण सरसकट म्हणतो. अशा माणसांच्या रोजच्या जगण्याच्या, दिवसातून अनेकदा घेतलेल्या नोंदींवरून वेगळं चित्र दिसतं. एखादी बरी घटना घडली, कुणी जवळ बसून बोललं, तर त्यांचं मन खरोखर हलकं होतं. काही अभ्यासांत तर ते इतरांपेक्षा जास्त हलकं झालेलं दिसलं. अडचण त्याआधी येते. जाण्यापूर्वी मनात जो अंदाज बांधला जातो, तो काळा असतो. ‘तिथे जाऊन काय होणार, मला मजा येणार नाही, माझ्यामुळे त्यांचीही जाईल.’ शिवाय उठून आंघोळ करणं, कपडे बदलणं, जिना उतरणं, चार जणांशी चार वाक्यं बोलणं, या साध्या कष्टांचा भाव मनातल्या मनात दहापट झालेला असतो. कष्ट डोंगराएवढे आणि फळ शून्य असा हिशोब जुळला की माणूस पांघरूण ओढून घेतो. मजा चाखण्याची ताकद बऱ्याच जणांत शिल्लक असते, तिच्याकडे जाणारं पाऊल तेवढं उचलत नाही. काही जणांत दुखणं इतकं खोल गेलेलं असतं की माणसांत बसूनही आत काहीच हलत नाही. त्यांच्यासाठी औषध आणि डॉक्टर आधी, बाकी सगळं नंतर.

न जाण्याचे परिणाम साठत जातात. दोनदा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा विचारणारा जरा आवरतं घेतो. चौथ्या वेळी ग्रुपवर फोटो येतात, त्यात आपण नसतो. ‘माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही’ ही मनातली शंका आता पुराव्यासकट समोर उभी राहते. मुलगा उत्तर द्यायचं टाळतो, ग्रुप म्यूट करतो. मित्रांना वाटतं, शिष्ट झाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स हॅमन यांनी १९९१ मध्ये एक गोष्ट मांडली, ती इथे लागू पडते. नैराश्य आलेला माणूस ताण नुसता सोसत नाही, त्याच्या आजारी वागण्यातून नवे ताण तयारही होतात. भांडणं होतात, मैत्री तुटते, नोकरीवरून बोलणी खावी लागतात. मग ते ताण दुखणं वाढवतात. यात मुलाचा दोष शोधू नये. मात्र हे चक्र बाहेरूनही अडवता येतं, ते मित्रांनी जाणून असावं.

आता पिंपरी-चिंचवड ते चाकण हा कारखान्यांचा पट्टा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली. साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को आणि आकुर्डीला बजाज आली. त्या पिढीला नोकरीबरोबर माणसंही मिळाली. कंपनीची वसाहत होती, कॅन्टीनमधली ठरलेली पंगत होती, युनियन होती, कंपनीचा गणपती आणि कबड्डीचा संघ होता. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी शिफ्ट सुटल्यावर तालमी चालत. त्या काळाला सोनेरी म्हणायचं कारण नाही, तेव्हाही माणसं आतून मोडत होती आणि दारू तेव्हाही होती. पण एखादा तालमीला आला नाही तर त्याच्या दारात जाऊन हाक मारणारं कुणीतरी असायचं, कारण तेच चेहरे तीस वर्षं बरोबर राहणार होते.

चाकणच्या टप्प्यात ते बदललं. कांदा-बटाट्याच्या बाजाराचं हे गाव नव्वदच्या दशकानंतर वाहनउद्योगाचं ठाणं झालं. बीड, लातूर, नांदेड, परभणी, बुलढाणा, जळगावची आयटीआय आणि डिप्लोमा झालेली मुलं आली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची आली. त्यांतली पुष्कळ ट्रेनी म्हणून, नीम या प्रशिक्षण योजनेतून किंवा कॉन्ट्रॅक्टरकडून लागली. सहा-सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसरा गेट. वर्षभरात कामाचे २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याने काही हक्क मिळतात. ते भरू न देण्याची ही पद्धत इथल्या प्रत्येक खोलीला तोंडपाठ आहे. तिने पगाराची शाश्वती जाते, हे सगळेच बोलतात. ओळखीही दर सात महिन्यांनी मोडतात, हे सहसा बोललं जात नाही. जो जेवताना शेजारी बसायचा तो आता रांजणगावला आहे. नव्या लाईनवर पुन्हा पहिल्यापासून नाव, गाव, तालुका सांगायचा. निरोगी मुलाला यात गंमतही वाटते. ज्याच्यात ओळख करून घेण्याचं त्राण उरलेलं नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या ब्रेकनंतर ओळख करणंच सोडून देतो.

त्यात शिफ्ट. आठवडा फर्स्ट, आठवडा सेकंड, आठवडा नाईट. दिवस-रात्र अशी उलटसुलट फिरवली की झोप आणि मन दोन्ही बिघडतात. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांत नैराश्याची लक्षणं जास्त आढळतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. इथल्या कॉट बेसिसच्या खोल्यांत एक उठला की दुसरा त्याच गादीवर आडवा होतो. सहा जणांच्या खोलीत सहाही जण एका वेळी जागे आहेत, असं क्वचितच घडतं. आणि या पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. वीज सगळीकडे एकाच दिवशी ओढली जाऊ नये म्हणून सुट्ट्यांचे वार वाटून दिले गेले, तेव्हापासूनची ही रीत. लग्नं, टेनिस बॉलच्या टुर्नामेंट, कॉलेजच्या मित्रांच्या भेटी मात्र रविवारी. त्यामुळे न जाण्याला कारण शोधावं लागत नाही. ‘सेकंड शिफ्ट आहे’ एवढं पुरतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. दुखणं या कारणाच्या आड महिनोन्‌महिने लपून राहतं. म्हणून मुलगा शिफ्टच्या दिवशी कुठे जात नाही, यावरून काही ठरवू नका. सुट्टीच्या दिवशी तो काय करतो, ते पाहा.

एका अशाच गुरुवारचं उदाहरण देतो. त्यातला मुलगा कुणी एक नाही, अनेकांचं मिळून ते चित्र आहे. नाईट करून सकाळी साडेसातला कंपनीच्या बसमधून चौकात उतरतो. टपरीवर तिघे थांबतात, हा थेट खोलीवर येतो. बूटही न काढता कॉटवर बसतो. मोबाईल चार्जिंगला लावून रील बघायला लागतो. अकरा वाजतात. झोप आलेली नाही आणि जे पाहिलं त्यातलं एकही आठवत नाही. दुपारी डबा येतो, त्याचं झाकण संध्याकाळपर्यंत उघडलं जात नाही. चार वाजता खालून हाक येते, बॅट घेऊन ये म्हणून. बॅट त्याचीच आहे. तो खिडकीतून बॅट खाली देतो आणि परत आडवा होतो. रात्री आईचा फोन येतो. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘बरा आहेस ना?’ ‘हो, बरा आहे.’ या दिवसात एकही नाट्य नाही. खोलीतल्यांना तो आळशी वाटतो, गावाकडे तो गुणी वाटतो, कारण उनाडक्या करत नाही, पैसे वेळेवर पाठवतो. आईला फोनवरून याहून जास्त कळायचा मार्ग नाही. बॅट खाली देताना ज्याच्या हाताला त्याचा हात लागला, त्याला कळू शकतं. म्हणून या पुस्तकातला मोठा भाग खोलीतल्या मित्रांशी बोलतो.

गावकीतल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची चेष्टा फार होते. जमीन एमआयडीसीत गेली, आजोबांच्या शेतात आता चाळी आणि गोडाऊन आहेत, दर महिन्याला भाडं येतं. दारात मोठी गाडी आहे, गळ्यात चेन आहे, वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागतो. याला कसलं डिप्रेशन, असं लोक विचारतात. पण ज्या कामाने घरातल्या तरुणाचा दिवस भरायचा ते शेत गेलं, आणि शेजारच्या कारखान्याने त्याला आत घेतलंच असं नाही. हा मुलगा खोलीत बसून राहत नाही, रोज रात्री धाब्यावर असतो. बाहेरून तो गर्दीत दिसतो. त्याच्या जवळच्यांनी त्याच्या संगतीपेक्षा त्याच्याकडे पाहावं. दारूशिवाय तो चार लोकांत बसू शकतो का? भंडारा डोंगरावर, यात्रेत, बैलगाडा घाटात पूर्वी जसा रंगायचा तसा रंगतो का? पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा दारू, मारामारी, गाडी बेफाम हाणणं या वाटांनी बाहेर पडतं. ते रडत नसल्यामुळे त्याला कुणी दुखणं म्हणत नाही.

मुलींबद्दल आधी दोन वाक्यं लिहिली, ती पुरेशी नाहीत. वायर हार्नेसच्या नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सच्या लाईनवर उभी राहणारी, निगडी-आकुर्डीच्या कॉलेजात शिकणारी, किंवा लग्न होऊन चिखलीच्या दोन खोल्यांत आलेली वीस वर्षांची मुलगी बाहेर जायची थांबली तर घरातले निर्धास्त होतात. मुलगी घरात बसली, वळण लागलं. मैत्रिणीला फोन करत नाही, गरब्याला जात नाही, आरशासमोर उभी राहत नाही, यातल्या कशाचीच तक्रार होत नाही. अंगाला हळद लागली की होईल सगळं ठीक, हा सल्ला मुलांना आणि मुलींना सारखाच मिळतो. मला तो सरळ धोक्याचा वाटतो. लग्नाने नैराश्य बरं होत नाही. न सांगितलेलं दुखणं दुसऱ्या घरात जातं, एवढंच होतं.

आकड्यांचं म्हणाल तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना आढळले. बंगळुरूच्या निम्हान्सने ते बारा राज्यांत केलं होतं, त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. देशातल्या इतक्या मोठ्या औद्योगिक राज्यातल्या तरुण कामगारांबद्दल आपण अजून बरंचसं अंदाजानेच बोलतो, ही मला नामुष्कीची गोष्ट वाटते. वयाचं मात्र पक्कं ठाऊक आहे. अमेरिकेतल्या २००५ च्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. आपल्या ट्रेनींचं वय नेमकं तेच.

उपायाकडे वळताना गोव्याचं नाव घ्यावं लागेल. तिथे संगथ ही संस्था १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ प्रौढ निवडले. अर्ध्यांना केंद्रातल्या डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यासोबत सहा ते आठ बैठका मिळाल्या, आणि त्या घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजाराच्या रेषेखाली आले होते, इतरांपैकी ३९ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. त्या बैठकांत मोठी गुपितं उकलत नव्हती. दिवस कसा जातो ते मांडायचं, पूर्वी काय आवडायचं ते शोधायचं, त्यातलं अगदी लहानसं एक काम वार-वेळ ठरवून करायचं, आणि करण्याआधी व नंतर मन कसं होतं ते पाहायचं. ही पद्धत सत्तरच्या दशकात पीटर लेविन्सन यांच्या कामातून पुढे आली. तिचा क्रम आपल्या समजुतीच्या उलट आहे. ‘मूड आला की जाईन’ असं मुलगा म्हणतो. ही पद्धत म्हणते, आधी जा, मूड मागून येईल.

याचा अर्थ मित्राला ओढत डीजेसमोर उभं करायचं असा मुळीच नाही. उत्साही मित्र इथेच चुकतात. तीनशे जणांच्या मिरवणुकीपेक्षा एका माणसाबरोबर टपरीपर्यंत जाणं त्याला पेलतं. ‘कधीतरी भेटू’पेक्षा ‘पावणेपाचला खाली उभा आहे, दहा मिनिटं चालून येऊ’ हे पेलतं. तो गप्प राहिला तर राहू द्यावा. नाही म्हणाला तर रुसू नये, दोन दिवसांनी पुन्हा तसंच विचारावं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या २०१६ च्या चित्रपटात नैराश्यातल्या एका तरुणाला एक बाई आसरा देते, आणि त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा न लावता त्याला राहू देते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. खोलीतल्या सगळ्यांनी एका सुट्टीला तो मिळून पाहावा, असं मी आवर्जून सुचवेन.

एक प्रश्न विचारायला सगळेच कचरतात: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट विचारल्यावर पुष्कळ जण पहिल्यांदा मोकळे होतात. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोलिसांचं लफडं होईल या भयाने माणसं दवाखाना टाळत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं तो धरून चालतो. शिक्षेऐवजी उपचार आणि पुनर्वसन ही त्यात सरकारची जबाबदारी आहे.

सुपरवायझर आणि एचआरच्या लोकांसाठी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, तरी त्यातली एक गोष्ट इथेच सांगतो. हसतखेळत काम करणारा मुलगा कॅन्टीनमध्ये एकटा बसू लागला, रिजेक्शन वाढलं, दांड्या पडू लागल्या, तर मेमो देण्याआधी त्याला बाजूला घेऊन दोन मिनिटं विचारा. त्याला नाईटमधून काही आठवडे काढता येत असेल तर काढा. हा उपकार नाही, पाठदुखीवाल्याला जड काम न देण्याइतकी साधी गोष्ट आहे.

आणि जायचं कुठे? १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे रात्रीही फोन उचलतात, मराठीतही बोलता येतं, म्हणजे नाईटच्या ब्रेकमध्येही तो लावता येतो. ईएसआयचं कार्ड असेल तर चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. संत तुकारामनगरचं वायसीएम रुग्णालय आणि औंधचं जिल्हा रुग्णालय इथे मनाच्या आजारांवर उपचार होतात. चाकणहून निघालं तर ट्रॅफिक धरून अर्धा दिवस मोडतो, आणि ज्याला खाली चहाला उतरणं जमत नाही त्याला एकट्याला हे जमणार नाही. सोबत कुणीतरी जावं. केसपेपर काढायला रांगेत त्याने उभं राहावं, नंबर येईपर्यंत बाकावर शेजारी बसावं. सरकारी ओपीडी रविवारी बंद असते, गुरुवारी उघडी असते. मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी ते आधी फोन करून विचारून घ्यावं. गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. त्या मधल्या दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडून देणारे फार आहेत, तेव्हा दुसऱ्या खेपेलाही त्याच माणसाने बरोबर जावं.